माळढोक आणि आपण : एका अभयारण्याचा इतिहास व त्यापासून घ्यावयाचा बोध



स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा जिल्ह्याच्या इतिहासावर चार शब्द लिहिण्याची आज्ञा केली. मी काही इतिहाससंशोधक नव्हे. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण आणि त्यानंतर मुलांना शिकविता शिकविता जे वाचले व पाहिले, एवढेच माझे भांडवल. किल्ले, लढाया व राजघराणी यांवर लिहिणारे विद्वान पुष्कळ आहेत. मी मात्र एका पाखराचा इतिहास सांगणार आहे. तो ऐकून कोणी हसेल, पण सोलापूर जिल्ह्यात जमीन बाळगणाऱ्या व व्यापार करणाऱ्या आपल्या ज्ञातीतील कित्येक कुटुंबांच्या सुखदुःखाशी हा इतिहास जडलेला आहे. माझे स्वतःचे घरही त्यातून सुटलेले नाही.

माळ म्हणजे पडीक नव्हे

आपल्या भागातील माळ ही ओसाड जागा आहे अशी समजूत रूढ झाली आहे. ती बरोबर नाही. पाऊस कमी, मातीचा थर पातळ, खाली मुरूम. अशा ठिकाणी निसर्गाने वृक्षांऐवजी गवत निर्माण केले. त्या गवतावर मेंढरे जगली, खिलार जनावरे जगली. पेशवाईत घोडदळासाठी कुरणे राखून ठेवीत असत, कारण दाणावैरणीशिवाय फौज चालत नाही हे त्या लोकांस पक्के ठाऊक होते. पुढे इंग्रजी अमलात जमिनीची मोजणी झाली आणि जिचा सारा येत नाही ती जमीन ‘पडीक’ या सदरात गेली. शब्द बदलला की दृष्टीही बदलते. ज्यास वाडवडील कुरण म्हणत, त्यास आपण पडीक म्हणू लागलो आणि पडीक जमीन कधीतरी कामास लावली पाहिजे असे सर्वांना वाटू लागले.

याच माळाचा धनी म्हणजे माळढोक. उभा राहिला तर सुमारे मीटरभर उंच, डोक्यावर काळी टोपी, मान पांढरी, पाठ तपकिरी. नर दहा ते पंधरा किलो वजनाचा भरतो आणि उडणाऱ्या पक्ष्यांत जगातील अत्यंत वजनदार पक्ष्यांमध्ये त्याची गणना होते. गुजराथेत त्यास घोराड म्हणतात, राजस्थानात गोडावण म्हणतात व तेथे तो राज्यपक्षी आहे. टोळ, नाकतोडे, भुंगेरे हे त्याचे मुख्य खाद्य. त्याखेरीज बोरे व भुईमुगाचे दाणेही तो खातो. टोळ खाणारा पक्षी हा कोरडवाहू शेतकऱ्याचा मित्रच म्हटला पाहिजे. मादी वर्षातून बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर, घरटे न बांधता. सुमारे सत्तावीस दिवस ती एकटीच ते उबविते. एवढ्या अवधीत एखादे कुत्रे, एखादा कळप अथवा एखादा नांगर त्या जागेवरून गेला की त्या वर्षाची आशा संपली. त्याच्या संसाराची ही रीत ध्यानात ठेवावी, म्हणजे पुढील सर्व इतिहास समजण्यास सोपा जाईल.

शिकारीचा काळ

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या शेजारच्या अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यात मॅन्सफील्ड नावाचा एक इंग्रज शिकारी होता. १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत त्याने एकट्याने ९६१ माळढोक मारले, अशी नोंद पक्षिशास्त्राच्या ग्रंथांत आढळते. ही संख्या वाचून दोन गोष्टी मनात येतात. एक म्हणजे माणसाचा हावरेपणा आणि दुसरी म्हणजे तेव्हा आपल्या माळांवर हे पक्षी किती विपुल असले पाहिजेत! आज साऱ्या भारतात मिळून रानात उरलेले माळढोक सुमारे दीडशे आहेत, असे तज्ज्ञ सांगतात.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९५१ साली वन्य पशुपक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा केला. राष्ट्रीय पक्षी कोणता असावा याची चर्चा पुढे निघाली तेव्हा सुप्रसिद्ध पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांनी माळढोकाचा पुरस्कार केला होता. १९६३ साली तो मान मोरास मिळाला. मोर तर सर्वत्र आहेच. मान या गरीब पक्ष्यास लाभता, तर कदाचित त्याच्याकडे देशाचे लक्ष वेळीच गेले असते.

दुष्काळ आणि अभयारण्य

१९७२ चा दुष्काळ आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी सोसला आहे. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. खडी फोडणाऱ्या बायाबापड्या व सुकडीसाठी लागलेली रांग मला आजही दिसते. त्या दुष्काळानंतर अवर्षणप्रवण क्षेत्र विकास कार्यक्रम आला. सोलापूरपासून वीसेक किलोमीटरवर, बार्शी रस्त्यावरील नान्नज व मार्डी येथील सरकारी माळावर चराई बंद करून गवत वाढविण्यात आले. हेतू गुरांना वैरण मिळावी हा होता. परंतु गवत वाढले, टोळ वाढले आणि त्यांच्या पाठोपाठ माळढोक तेथे राहू लागले. सोलापूरचे पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी ही गोष्ट जाणत्या लोकांच्या नजरेस आणून दिली. माणसासाठी केलेल्या कामाचा लाभ पाखरासही झाला, हे या इतिहासातील मोठे सुखद पान होय.

१९७२ सालीच केंद्र सरकारचा वन्यजीव संरक्षण कायदा झाला होता व त्याच्या पहिल्या अनुसूचीत माळढोकास स्थान मिळाले होते. १९७९ साली त्या कायद्यानुसार माळढोक पक्षी अभयारण्य जाहीर झाले. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. असद रहमानी व त्यांचे सहकारी यांनी नान्नजच्या माळावर राहून या पक्ष्याचा कसून अभ्यास केला. येथवर सर्व उत्तम झाले.

परंतु अभयारण्याची हद्द किती ठरली? ८,४९६ चौरस किलोमीटर! एकट्या सोलापूर जिल्ह्याचे क्षेत्रफळ पंधरा हजार चौरस किलोमीटरांच्या आत आहे, यावरून या आकड्याची कल्पना यावी. सोलापूर व अहमदनगर या दोन्ही जिल्ह्यांचे कित्येक तालुके त्यात आले. उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा ही नावे आपणांस घरचीच आहेत. त्या हद्दीत पक्ष्याचे खरे माळ थोडे होते आणि लोकांची मालकीची शेते, गावे, हमरस्ते व बाजारपेठाच अधिक होत्या. कोणी दुष्ट बुद्धीने हे केले असे मी म्हणत नाही. पक्षी लांबलांब फिरतो, तेव्हा फिरेल तितकी जमीन त्याची, असा सरळ विचार असावा. पण नकाशावर रेघ ओढणे सोपे असते, रेघेच्या आत राहणाऱ्या माणसास समजावून सांगणे अवघड असते. ते अवघड काम राहून गेले.

आमच्या घरची गोष्ट

अभयारण्याची अधिसूचना निघाली की त्या हद्दीतील जमिनीत वारसाहक्काखेरीज नवा हक्क कोणास प्राप्त होत नाही, असे कायद्याचे कलम आहे. पहिली कित्येक वर्षे हे कलम पुस्तकातच राहिले. पुढे न्यायालयांनी देशभरच्या अभयारण्यांच्या प्रश्नात लक्ष घातले आणि अंमल कडक झाला. मग खरेदीखत अडू लागले, बिनशेती परवाना मिळेना, कारखान्यास जागा मिळेना, कर्जास जमीन तारण चालेना.

आमचे वडील गावात तेलघाणा व लहानशी अडत चालवीत. माझे थोरले बंधू, ज्यांस आम्ही आप्पा म्हणतो, त्यांनी तो धंदा वाढविला. आमच्या भागात तूर चांगली पिकते, पण डाळ करण्यासाठी ती दूर लातूरकडे जाते आणि हमाली, भाडे व दलाली यांत शेतकऱ्याचा पैसा झिरपतो. म्हणून रस्त्याकडेच्या आमच्या चार एकरांत डाळमिल घालावी असे त्यांनी २००३ साली ठरविले. यंत्रांची चौकशी झाली, विसार दिला. गावातील बारा-पंधरा माणसांस काम मिळाले असते. बिनशेती परवान्यासाठी अर्ज केला. दोन वर्षे हेलपाटे घातले. या टेबलावरून त्या टेबलावर कागद फिरला आणि शेवटी ‘जमीन अभयारण्यात येत असल्याने’ एवढ्या शब्दांत नकार आला. विसार बुडाला तो बुडालाच.

त्याच सुमारास मी सातवीच्या मुलांना नान्नजच्या माळावर सहलीस नेत असे. एका पावसाळ्याच्या आरंभी आम्ही गवताआड बसलो असता एक नर गळ्याची पिशवी फुगवून, शेपूट पाठीवर उभारून, दूरवर घुमणारा हुंकार देत उभा असलेला मुलांनी पाहिला. तीस-पस्तीस मुले, पण एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. शिक्षकाच्या आयुष्यात अशा शांततेचे मोल फार असते. मी घरी येऊन ते मोठ्या आनंदाने सांगू लागलो. आप्पा जेवत होते. ते ताटावरून उठले आणि म्हणाले, “मास्तर, तुझ्या त्या पाखराने माझी डाळमिल खाल्ली. त्याचे कौतुक या घरात नको.” वहिनींनी डोळ्यांस पदर लावला. त्यानंतर सुमारे दोन वर्षे आम्हां सख्ख्या भावांत कामापुरतेही बोलणे नव्हते.

हे घरगुती दुःख मी येथे मांडतो, त्याचे कारण एवढेच की असे घर आमचे एकट्याचे नव्हते. कोणाच्या मुलीचे लग्न जमीन विकता येईना म्हणून लांबले, कोणाच्या मुलाचे शिक्षण कर्ज मिळेना म्हणून थांबले. आणि या सर्वांच्या रागाचा धनी कोण झाला? ज्याने कोणाचे काही घेतले नव्हते, असा तो मुका पक्षी. पूर्वी शेतात माळढोक उतरला तर लोक कौतुकाने पाहत. आता तो दिसल्याचे कोणी सांगेनासे झाले, कारण सांगितले तर आपलीही जमीन अडकेल, ही भीती.

दुसऱ्या बाजूने माळही सुटला नाही

केवळ सरकारास दोष देऊन आपण मोकळे झालो, तर तेही सत्यास धरून होणार नाही. १९८० साली भीमेवरील उजनी धरण पूर्ण झाले. पाणी आले, ऊस आला, साखर कारखाने आले. आज साखर कारखान्यांच्या संख्येत आपला जिल्हा राज्यात अग्रेसर गणला जातो. नान्नज गावाने तर द्राक्षाच्या शेतीत देशात नाव काढले. तेथील बागायतदार कै. नानासाहेब काळे यांनी ‘सोनाका’ व ‘शरद सीडलेस’ या द्राक्षाच्या जाती निवडून वाढविल्या, ही आपल्या जिल्ह्यास भूषणावह गोष्ट आहे. ज्या गावाने पाखरास आसरा दिला त्याच गावाने हे वैभवही निर्माण केले. उद्योग आणि निसर्ग शेजारी नांदू शकतात, याचे हे उदाहरण होऊ शकले असते.

परंतु ज्वारी, करडई, हुलगा, मटकी यांची कोरडवाहू शेते गेली तसा पक्ष्याचा चरण्याचा भाग गेला. बागांभोवती तारेची कुंपणे आली, विजेच्या तारा आल्या. जड अंगाच्या या पक्ष्यास समोरचे नीट दिसत नाही. तार चुकविणे त्यास जमत नाही. मोकाट कुत्री वाढली. गायराने कोणी बळकावली हे प्रत्येक गावास ठाऊक आहे. त्यात आपल्यातीलही काही जण असतील. राखीव माळावरही गवताच्या जागी गिरिपुष्पाची झाडे लावली गेली. झाडे लावणे पुण्यकर्म खरे, पण ज्यास मोकळे गवत हवे त्याच्या अंगणात झाडी वाढविणे म्हणजे माशास घरटे बांधून देण्यासारखेच होय.

म्हणजे असे झाले की, जेथे पक्षी नव्हता तेथे माणसाचा कायदेशीर उद्योग अडला आणि जेथे पक्षी होता तेथे त्याचे घर खरोखर राखले गेले नाही.

हद्द आक्रसली, पक्षी गेला

लोकांच्या तक्रारी वाढल्या. अभयारण्याची हद्द बदलणे राज्य सरकारच्या एकट्याच्या हाती राहिले नव्हते. त्यास राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस व सर्वोच्च न्यायालयाची संमती लागे. समित्या झाल्या, पाहण्या झाल्या आणि २०११-१२ च्या सुमारास अभयारण्य ८,४९६ वरून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरांवर आले, म्हणजे पहिल्याच्या सातवा हिस्सा. आमचे चार एकर मोकळे झाले. त्या वेळी आप्पांचे वय साठीच्या पुढे गेले होते. पुतण्याने तेथे डाळमिलीऐवजी गोदाम बांधले आहे.

आणि पक्षी? २०११ साली आंतरराष्ट्रीय यादीत त्याची नोंद अतिसंकटग्रस्त अशी झाली. नान्नजच्या गणनेत अलीकडच्या वर्षांत एखाद-दुसरा माळढोक दिसल्याचीच नोंद होते. माळावर काळवीट आहेत, लांडगे आहेत, पण ज्याच्या नावाने अभयारण्य, तोच जवळजवळ नाहीसा झाला. व्यापाऱ्याची उमेदीची वर्षे गेली, पाखराचा वंश गेला. तेलही गेले, तूपही गेले.

मध्यप्रदेशात शिवपुरी जिल्ह्यातील करेरा येथे हीच कथा आपल्या आधी घडली होती. १९८१ साली तेथे माळढोकासाठी अभयारण्य झाले. लोकांच्या खासगी जमिनी त्यात अडकल्या, लोक विटले आणि १९९० च्या दशकात पक्षी तेथून नाहीसा झाला. पुढे अभयारण्यच रद्द करण्यात आले. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा असे म्हणतात. आपण मात्र शहाणे झालो नाही.

आज राजस्थानात तोच पेच नव्या रूपाने उभा आहे. तेथे सूर्यशक्तीच्या विजेचे प्रकल्प आहेत आणि तेथेच देशातील बहुतेक उरलेले माळढोक आहेत. १९ एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पक्ष्यांच्या प्रदेशातील विजेच्या तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. २०२४ साली तो सरसकट आदेश बदलून न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली. जेसलमेरकडे २०१९ पासून अंडी उबवून पिले वाढविण्याचे कामही सुरू झाले आहे. ती पिले मोठी झाली म्हणजे त्यांस सोडावयास गवताळ माळ लागतील. तेव्हा आपल्या नान्नजचा माळ तयार असेल काय, हा प्रश्न मला रात्री जागवितो.

बोध

या सर्व इतिहासातून माझ्या अल्पमतीस तीन गोष्टी दिसतात. पहिली ही की, राखावयाची जागा थोडी असावी पण ती खरोखर राखावी. कागदावर आठ हजार चौरस किलोमीटर राखण्यापेक्षा अंडे घालण्याच्या दिवसांत चार माळ कुत्र्यांपासून व गुरांपासून राखणे अधिक मोलाचे. दुसरी ही की, ज्याच्या जमिनीवर बंधन येते त्यास आधी विचारावे, बंधनाचा मोबदला द्यावा आणि उत्तर वेळेत द्यावे. आप्पांस दोन आठवड्यांत नकार मिळाला असता, तर त्यांनी मिल दुसरीकडे घातली असती. त्यांना नकारापेक्षा हेलपाट्यांनीच अधिक मारले. तिसरी ही की, प्राण्याच्या जगण्यात गावाचा लाभ असला पाहिजे. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास हे नाना फडणिसांचे गाव. तेथे २००६ पासून समुद्री कासवांचा महोत्सव भरतो. कासवांची पिले पाहावयास लोक येतात, गावकऱ्यांच्या घरी उतरतात, जेवतात आणि चार पैसे गावात राहतात. कासव वाचले तर गाव वाचते, हे तेथे कोणास शिकवावे लागत नाही. पुणे जिल्ह्यात कडबनवाडी व शिरसुफळ येथेही वनखात्याने २०२४ साली गवताळ माळांची सफर सुरू केली असून तेथे स्थानिक तरुणांस वाटाड्याचे काम मिळते. आपल्या माळावर हे पूर्वीच झाले असते, तर पाखरास शेकडो रखवालदार मिळाले असते.

ज्ञातिबांधवांस माझी विनंती अशी. आपल्यात शेतकरी आहेत, अडते आहेत, कारखानदार आहेत, सरकारी नोकरीतही आता पुष्कळ जण आहेत. ज्यांची शेते माळाकाठी आहेत त्यांनी बांधालगतची एखादी पट्टी गवतास सोडावी. ज्यांना गोदाम अगर कारखाना बांधावयाचा आहे त्यांनी गायरानास हात लावू नये. जे नोकरीत आहेत त्यांनी समोर उभ्या असलेल्या माणसाचा कागद अडवून ठेवू नये. आणि आपल्या वसतिगृहातील मुलांना वर्षातून एकदा तरी नान्नजच्या माळावर न्यावे. माळढोक दिसेलच असे नाही, पण काळवीट दिसेल आणि माळ म्हणजे पडीक नव्हे एवढे तरी त्यांस कळेल.

शेवटी एक सांगतो. गेल्या वर्षी आप्पा माझ्याबरोबर प्रथमच त्या माळावर आले. आता त्यांस काठीवाचून चालवत नाही. गवतात बराच वेळ बसलो. काळविटांचा कळप गेला, एक भोरी ससाणा घिरट्या घालून गेला. माळढोक दिसला नाही. उठताना ते म्हणाले, “अरे मास्तर, मुलांनी पाहिला होता म्हणतोस, तो कसा ओरडत होता?” मी माझ्या परीने तो हुंकार करून दाखविला. ते हसले नाहीत. नुसते माळाकडे पाहत राहिले.

लेख लांबला, याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. चुकले असेल ते सुज्ञांनी सांभाळून घ्यावे.